एवढी खपली चालेल

आमच्या कुत्र्याच्या, बोंडूच्या रोगाकडे घरात आता फारसं कुणी बघत नाही. बघतात ते त्याच्या गोळ्यांकडे. रोग म्हणाल तर नाकाच्या दांडीवर आणि डाव्या कानाच्या कडेला उरलाय, तोही शोधायला गेलं तर सापडेल इतकाच. गोळ्या मात्र सगळीकडे दिसतात: पाण्याच्या भांड्यात, रात्रीच्या झोपेत, सुटलेल्या पोटात, बारीक झालेल्या मागच्या पायांत. महिन्याच्या हिशेबात तर दिसतातच.

बोंडू गावठी. पिकल्या बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा तांबूस-पिवळा रंग, म्हणून हे नाव. गोव्यात फोंड्याजवळ म्हार्दोळच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, पुढे अंगण, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. अशा घरात कुत्रा पाळायचा असं कुणी ठरवत नाही. तो येतो, राहतो, सासूबाईंच्या हातची पेज खातो आणि घरचा होतो. काही वर्षं छान गेली. मग नाकावर पिवळट खपल्या धरायला लागल्या.

गोव्यात कुत्र्याच्या अंगावर काहीही उठलं की पहिला संशय गोचिडीवर आणि दुसरा बुरशीवर. तो रास्तच आहे, इथल्या दमट हवेत दोन्ही मुबलक. शिवाय संसर्ग असताना स्टिरॉइड दिलं तर संसर्गाचंच फावतं, म्हणून आधी ते तपासून बाजूला सारावं लागतं. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूची तपासणी झाली, बुरशीची झाली. शेवटी एका न फुटलेल्या पुटकुळीतला पू काचेवर घेतला, कातडीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत गेला, आणि नाव कळलं: पेम्फिगस फोलिएशियस. कुत्र्यांना होणाऱ्या त्वचेच्या स्वयंप्रतिकार रोगांपैकी सगळ्यात जास्त आढळणारा. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी काही प्रथिनं असतात, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उठते. चिऱ्याच्या भिंतीतला चुना झडला की चिरे सुटे होतात, तशा वरच्या थरातल्या पेशी सुटतात. तिथे पुटकुळी येते, लगेच फुटते आणि खपली धरते. नाक, कान, डोळ्यांच्या कडा आणि तळपायांच्या गाद्या ही तिची ठरलेली ठिकाणं. बोंडूच्या गाद्या अशा कडक होऊन चिरल्या होत्या की अंगणातल्या खडीवर तो एकेक पाय उचलून धरायचा, पुढचा टाकू की नको अशा विचारात. ऊन लागलं की हा रोग आणखी चेकाळतो, आणि आम्ही राहतो गोव्यात.

उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. प्रतिकारशक्तीला दाबायचं तर डोस मोठा लागतो, किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अठरा किलोच्या कुत्र्याला बऱ्यापैकी गोळ्या. ‘स्टिरॉइड’ हा शब्द आमच्या वाड्यावर दबक्या आवाजातच उच्चारतात. शेजारच्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, “किडनी जाते हो त्याने.” दूधवाल्याने होमिओपॅथी सुचवली. कुणी कडुनिंबाचा पाला, कुणी खोबरेल. खोबरेल आम्ही लावलंसुद्धा, बोंडूने ते आवडीने चाटून घेतलं.

लोक घाबरतात याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती भलत्याच गोष्टीला घाबरतात याबद्दल. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि थोड्याच दिवसांत त्या चालायला लागल्या. दोन वर्षांत नोबेल पारितोषिक मिळालं. त्या चमत्काराची किंमत काय पडते हे डॉक्टरांच्या लक्षात यायलाही फार वेळ लागला नाही. तेव्हापासून दुष्परिणामांची यादी सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातलं कुठलं रोज होणार, कुठलं क्वचित, कुठलं नुसतंच त्रासाचं आणि कुठलं जिवावरचं, हे निवडून कुणी सांगत नाही. ते घरात राहून शिकावं लागतं, आणि शिकवतो कुत्राच.

पाण्याचंच घ्या. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो. शंभरच्या वर गेलं की ते जास्त धरतात. बोंडूचं नेहमीचं पाणी एक लिटरच्या आसपास. गोळ्या सुरू झाल्यावर तो दोन लिटरच्या पुढे गेला. मी खुणा असलेला जग घेतला आणि भांड्यात मोजूनच ओतायला लागले, म्हणजे दिवसअखेर उरलेल्यावरून हिशेब कळतो. घरात एकच सल्ला घुमत होता: रात्री भांडं उचलून ठेवा. ऐकायला सोपा आणि करायला चुकीचा. स्टिरॉइडमुळे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायचा जो निरोप मिळतो तो नीट पोचत नाही, म्हणून आधी लघवी जास्त होते आणि तहान तिच्या मागोमाग येते. भांडं उचललं तरी लघवी व्हायची ती होतेच, कुत्रा फक्त कोरडा पडतो.

मग सोय करायची ती लघवीची. गोळी सकाळी न्याहारीबरोबर, म्हणजे जोर जमेल तितका दिवसा संपतो. झोपण्याआधी एक शेवटची फेरी. आणि तरीही मध्यरात्री उठावं लागतं, ते गृहीत धरायचं. ऐन आषाढातल्या रात्री बोंडू दारावर नखं घासतो. नवरा एका हातात छत्री आणि एका हातात टॉर्च घेऊन कुळागराच्या कडेला उभा राहतो, पोफळींवरून पाणी धोधो गळत असतं, आणि बोंडू मात्र पंचवीस ठिकाणं हुंगल्याशिवाय पाय वर करत नाही. त्याला छत्री लागते ती नवऱ्याची, कारण गावठी असूनही त्याला डोक्यावर पाऊस अजिबात खपत नाही. आत आल्यावर त्याचे पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. ओल राहिली की तिथे बुरशी आलीच. ज्या रात्री दोघांपैकी कुणालाच जाग येत नाही त्यासाठी सोप्यावर गोणपाट आणि त्याखाली प्लॅस्टिक असतं. त्यावर तो गेला तर त्याला ओरडायचं नाही, हा नियम सासूबाईंनी काढला. “आमची पण वेळ येणार आहे गो,” म्हणाल्या.

लघवीची आणखी एक गोम आहे. स्टिरॉइडवरच्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तरी तो जळजळ दाखवेलच असं नाही. सूज दाबणं हेच तर औषधाचं काम. म्हणून कुत्रा मजेत दिसत असला तरी अधूनमधून लघवी तपासायची. ती गोळा करण्यासाठी मी जुन्या पळीला काठी बांधली आहे. पाय वर झाला की पळी पुढे करायची. शेजारच्या वहिनी गडग्यापलीकडून हा सोहळा पाहतात आणि किडनीबद्दल आता काही बोलत नाहीत.

भुकेबद्दल लिहायचं तर चवथीचंच, म्हणजे गणेशचतुर्थीचंच सांगायला हवं. प्रेडनिसोलोनवरचा कुत्रा हावरट होत नाही, तो खरोखर उपाशी असतो. निदान त्याच्या मेंदूला तसं वाटतं. जो बोंडू पूर्वी पोळीचा तुकडा हुंगून सोडायचा तो आता खोबऱ्याची करवंटी घेऊन माळ्याखाली लपतो आणि जवळ गेलं तर गुरगुरतो. हा गुरगुराटही गोळीचाच. मूळचा स्वभाव जाणणाऱ्यांना ते कळतं, पाहुण्यांच्या मुलांना कळत नाही, म्हणून जेवताना त्याच्याजवळ कुणी जायचं नाही असं आम्ही सगळ्यांना सांगून ठेवतो. चवथीला घरात नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे डबे भरतात. नेवरीत तेल, गूळ आणि आमच्याकडे बेदाणे. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि तळलेलं खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती. बोंडूला जी दुसरी गोळी चालू आहे तिच्यामुळे तो धोका थोडा वाढतोच. सासूबाईंनी नेवऱ्यांचे डबे देव्हाऱ्याच्या खोलीत वरच्या फळीवर नेले आणि बेदाणे घालणंच बंद केलं. त्यांच्या माहेरची रीत मोडली ती एका कुत्र्यापायी, हे त्या दरवर्षी एकदा तरी ऐकवतात. भूक भागवायला आम्ही तवसं (काकडी), दुधी आणि शिजवलेल्या चिटक्यांचा (गवारीचा) भरणा करतो. मापाचं जेवण दोनाऐवजी चार वेळा. वजन त्याने फार वाढलं नाही, आणि त्याच्या नजरेतली आशा तेवढीच राहिली.

पोटासाठी ओमेप्राझोल, तेही जेवणाच्या अर्धा तास आधी. ते सगळ्यांनाच लागतं असं नाही, बोंडूला उलट्या झाल्या म्हणून सुरू झालं. विष्ठा डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, कारण ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. आमच्या घरातला खरा धोका वेगळाच होता: सासूबाईंचा गोळ्यांचा डबा. त्यात गुडघ्यासाठी वेदनाशामक. स्टिरॉइडबरोबर अशी सूज उतरवणारी वेदनाशामकं पोटात गेली तर जठराला व्रण पडायला, ते फुटायला वेळ लागत नाही, आणि माणसांच्या या वेदनाशामक गोळ्या तर कुत्र्याला एरवीही विषासारख्या. बोंडूचा डबा पिवळा, सासूबाईंचा निळा, आणि दोघांची कपाटं वेगळी.

दुसरी गोळी म्हणजे अझाथायोप्रिन. स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून तिला जोडीला घेतात. ती लागू पडायला आठवडे लागतात. तोवर मोठ्या डोसचं प्रेडनिसोलोन चालूच, म्हणजे सगळ्यात वाईट काळ सुरुवातीचा असतो हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. ही गोळी उघड्या हाताने तोडायची नाही, हातमोजे घालायचे, भुकटी उडू द्यायची नाही. ती अस्थिमज्जेला दाबते, म्हणून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजत राहायचं, पहिले दोन-तीन महिने तर फारच नेमाने. यकृतालाही ती झेपत नाही काहींच्या.

या गोळीमागची हकिगत मला कळली तेव्हा मी बराच वेळ बोंडूकडे बघत बसले. गर्ट्रूड इलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती शोधली, १९८८ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉय कॅल्न हे तरुण शल्यविशारद बोस्टनमध्ये कुत्र्यांवर मूत्रपिंडाचं रोपण करून पाहत होते आणि परकं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून हेच औषध देत होते. त्यातलं लॉलिपॉप नावाचं एक कुत्रं महिनोनमहिने जगलं. त्या प्रयोगांच्या जोरावर जुळी भावंडं नसलेल्या माणसांमधली रोपणंही जमायला लागली. किती कुत्री जगली नाहीत तो हिशेब कुणी घरोघरी सांगत नाही. माणसांनी कुत्र्यांकडून घेतलेलं औषध फिरून आमच्या कुत्र्याच्या पोटात जातंय. यात न्याय वगैरे मी शोधत नाही, पण हातमोजे घालताना लॉलिपॉप आठवतं.

रक्ताच्या अहवालाबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती वाचून माझ्यासारख्या कुणाची तरी एक रात्र वाचेल. बोंडूच्या अहवालात अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा असा फुगून आला की मला वाटलं यकृत संपलंच. तर कुत्र्यांमध्ये स्टिरॉइडमुळे या विकराचा एक खास प्रकार जास्त तयार होतो, माणसात तसा होत नाही. त्यामुळे हा एकटा आकडा वाढला म्हणजे यकृत निकामी झालं असं नाही. अझाथायोप्रिन सुरू असताना डॉक्टर जास्त लक्ष एएलटी या यकृताच्या विकरावर ठेवतात, आणि कुत्रा जेवतो कसा, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का, यावर. माणसांच्या अहवालाच्या सवयीने कुत्र्याचा अहवाल वाचू नये.

मे महिन्यात ही औषधं अगदी उघडी पडतात. गोळीने धाप लागतेच, त्यात फोंड्याची उमस. बोंडू देवखोलीसमोरच्या थंड फरशीवर पोट टेकून पसरतो आणि जीभ बाहेर काढून भात्यागत हापत राहतो. फिरणं सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर, म्हणजे उन्हाचाही प्रश्न मिटतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू झिजून खळगे पडलेत, कवटीची ठेवण हाताला लागते. मांड्या बारीक झाल्या, आणि पोट मात्र मोठं: यकृताचा आकार वाढतो, चरबी पोटात साठते आणि पोटाचे स्नायूही सैल पडतात. देवळापाशी भेटणारे म्हणतात, “खाऊनपिऊन मस्त झालाय की.” मी हसून हो म्हणते, रस्त्यात उभं राहून कोण समजावणार. ओट्याच्या पायऱ्या त्याला जड जायला लागल्या तेव्हा नवऱ्याने फळी टाकून उतार केला आणि त्यावर काथ्याचं पायपुसणं ठोकलं. बोंडू अजूनही फळीच्या शेजारून उडी मारूनच चढायला बघतो. जमलं नाही की मग फळीकडे वळतो, आपण आधीपासून तिकडेच निघालो होतो असा चेहरा करून.

पाठीवर हात फिरवताना मी वाळूसारखं काही लागतं का बघते. स्टिरॉइड खूप काळ चाललं की कातडीत कॅल्शियम साठून असे कडक चट्टे येऊ शकतात. अजून नाही लागलं. पावसात कान बघायचे, वास घ्यायचा. गोचिडीची गोळी चुकवायची नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या कुत्र्याला गोचिडीचा ताप परवडत नाही.

लशीचा प्रश्न असाच दारात येऊन उभा राहिला. गोव्यात रेबीजविरोधी मोहीम मोठी आहे. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, त्यामागे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकारने वर्षानुवर्षं गल्लोगल्ली केलेलं लसीकरण आहे. जाळी घेऊन पोरं वाड्यावर येतात, लस देतात, डोक्यावर रंगाची खूण करतात. ती आमच्या अंगणात आली तेव्हा मी बोंडूला आत घेतलं आणि त्याचे कागद दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं. रेबीजची लस मृत विषाणूची, तिच्यामुळे रेबीज होत नाही. शंका एवढीच की दाबलेली प्रतिकारशक्ती तिला पुरेसा प्रतिसाद देईल का, आणि चिथावली तर नाही ना जाणार. डिस्टेंपर, पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या जिवंत लशी मात्र अशा कुत्र्याला टाळतात. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या बऱ्याच खाली आल्यावर रेबीजची लस दवाखान्यात, वेळ ठरवून दिली. टाळायची असं ते म्हणाले नाहीत, आणि भटक्या कुत्र्यांच्या गावात राहून मीही म्हणणार नाही.

आता डोस खाली आणण्याबद्दल. घरातलं खरं भांडण इथे आहे. सासूबाईंचं मत असं की खपली गेली, आता गोळी बंद करा. ते करायचं नसतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलंच स्टिरॉइड, तयार करणं जवळजवळ थांबवतात. त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. एकदम बंद केलं तर कुत्रा मलूल होतो, उलट्या करतो, कोसळूही शकतो. म्हणून काही आठवड्यांनी पाव हिस्सा कमी, पुन्हा थांबायचं, पुन्हा पाव हिस्सा, आणि बऱ्याच खाली आल्यावर एक दिवसाआड. सासूबाईंना हे पटलं, कारण त्यांच्या एका मैत्रिणीची दम्याची गोळी तशीच उतरवली होती.

नवऱ्याचं मत उलट. नाकावर एवढी जरी खपली दिसली की तो डोस वाढवायला निघतो. त्याला स्वच्छ नाक हवं. मलाही सुरुवातीला हवंच होतं, कुणाला नको असेल. पण स्वच्छ नाकासाठी लागणारा डोस आणि नाकावर दोन खपल्या ठेवून चालणारा डोस यांच्यामध्ये बोंडूच्या मांड्या आहेत, त्याची झोप आहे, त्याचं आमच्यावर न गुरगुरणं आहे. दोन खपल्यांचा बोंडूला पत्ता नसतो. तो खाजवत नाही, गाद्या मऊ आहेत, मागच्या पावसाळ्यात त्याने कुळागरात एक घोरपड हुसकून लावली. अशा वेळी औषध वाढवायचं ते कुणाच्या डोळ्यांसाठी, असं मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, “वाढली तर?” त्याच्या म्हणण्यातही दम आहे. भडका उडाला तर पुन्हा वरच्या डोसपासून सुरुवात, आणि मग मधले सगळे महिने पाण्यात. म्हणून आम्ही खपल्या मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो आणि दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढतो. डोळ्यांना रोज बघून काही कळत नाही, फोटोत कळतं. गाद्यांवर काही आलं, नवीन पुटकुळी उठली किंवा तो जेवला नाही, तर डॉक्टरांना फोन. नाकावरची जुनी खपली असेल तर नुसती नोंद.

डॉक्टरांनी एकदा सायक्लोस्पोरिनचाही विषय काढला होता. तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच, नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून आलेलं औषध. त्याने उलट्या, जुलाब होतात, हिरड्या वाढू शकतात, आणि आमच्या खिशाला ते महिन्यामागून महिना झेपलं नसतं. अझाथायोप्रिन बोंडूला मानवलं, तो प्रश्न तिथेच राहिला.

सध्या प्रेडनिसोलोन एक दिवसाआड पाच मिलिग्रॅम. ढगाळ दिवस असल्याने रोग शांत आहे, उलट कानात ओल असल्याने कान बघावे लागतात. माझं म्हणणं, चवथ होऊ दे, फटाके आणि पाहुणे जाऊ देत, मग रक्त तपासून आणखी खाली यावं. नवरा म्हणतो, ऑक्टोबरचं ऊन जाईपर्यंत थांब. त्याने कालनिर्णयवर ऑक्टोबरच्या पानाला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मी सप्टेंबरच्या पानावर रक्ततपासणीची तारीख पेनने लिहिली आहे.